लिंबू अक्षरं, अंजिरी अंधार

"हा कुठला रंग, काका?"

"लिंबू."

"आणि त्याच्या मागचा?"

विरूपाक्ष म्हेत्रेंनी मान किंचित डावीकडे वळवली. सरळ बघितलं की त्यांना काहीच दिसत नसे. बघायची वस्तू नजरेच्या कडेला घ्यावी लागे, बुजऱ्या मांजराकडे आपण बघतच नाही असं दाखवून बघावं तशी.

"अंजिरी," ते म्हणाले. "मघाशी दाखवलास तो आमसुली होता. त्याच्यात अक्षर बुडत होतं. ह्याच्यावर तरंगतंय."

शाहीन मुजावर हसली. तिच्या यंत्रात या रंगांना नुसते आकडे होते. इचलकरंजीच्या त्या दवाखान्यात अंधुक नजरेच्या माणसांना वाचनचष्मे बसवून देणं हे तिचं काम. चाळीस वर्षं साड्यांच्या काठांची नक्षी कागदावर उतरवलेला माणूस तिच्याकडे पहिल्यांदाच आला होता. तिनं आकड्यांशेजारी 'लिंबू' आणि 'अंजिरी' असं लिहून टाकलं.

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध तिळाएवढा एक भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं ही सगळी बारीक कामं तो एकटा करतो. विरूपाक्षांच्या दोन्ही डोळ्यांतला तो तीळ दोन वर्षांपूर्वी विझला होता. भोवतालचा पडदा शाबूत होता, पण त्याला वाचायची सवय नव्हती. तिथं अक्षरं एकमेकांत घुसतात, आणि मराठीत तर शिरोरेषा सगळ्यांना एका दोरीत बांधून ठेवते, म्हणून आख्खा शब्द म्हणजे नुसती एक काळी पट्टी होऊन बसते. नवा चष्मा पानावरचा मजकूर टिपायचा आणि पडद्याच्या शाबूत कडेवर नव्यानं उमटवायचा. अक्षरं सुटी, शिरोरेषा जागोजाग तोडलेली, काना-मात्रा जाड, दोन ओळींमध्ये ऐसपैस जागा. रंग मात्र ज्याचा त्यानं शोधायचा असे. एकाला ज्या रंगात वाचता येई, त्यात दुसऱ्याला नुसता चिखल दिसे.

"आता काहीही वाचा," शाहीन म्हणाली.

विरूपाक्षांची बायको कांचन शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तिच्या पिशवीतून एक पाकीट डोकावत होतं. विरूपाक्षांनी त्यावर नजर तिरकी केली. अंजिरी अंधारात एकेक लिंबू अक्षर उगवत गेलं.

"खा... री... शेंग," ते म्हणाले. आणि मग, "ही कधी घेतलीस? डॉक्टरांनी मीठ बंद केलंय ना तुझं?"

"वाचलं की वो!" कांचन ओरडलीच. पाकीट पिशवीत ढकलत तिनं डोळे पुसले. "आता तरी तिला दार वाजवू दे."

"कुणाला?" शाहीननं विचारलं.

कांचननं सांगितलं. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसे आणि हे वाचनालयातली कादंबरी मोठ्यानं वाचत. तिचे हात गुंतलेले असत, यांचा गळा मोकळा असे. डोळे गेले तेव्हा एक कादंबरी अर्धवट राहिली. त्यातली पद्मा हरवलेल्या भावाला शोधत मिठागरांच्या गावी पोचली होती. त्याच्या दारासमोर उभी होती, हात वर केला होता. तो हात दोन वर्षं तसाच वर राहिला होता.

"काकू, वाचून दाखवणारी यंत्रं घरोघर आहेत."

"आणलं होतं. त्याला कुठं थांबायचं ते कळत नाही. माणूस मेलेलंही सांगतंय, चहा झालेलाही तसाच सांगतंय."

शाहीननं चष्म्याची दांडी विरूपाक्षांच्या बोटांना लावून दाखवली. "इथं बोट फिरवलं की सेटिंग बदलतं. आणि हे पहिलंच मॉडेल आहे, काचेच्या कडेनं थोडा उजेड गळतो. वाचताना अक्षरांचा रंग गालावर पडेल. कुणी हसलं तर हसू द्या."

कांचन वाकून बघत होती. "हळद लागल्यागत दिसतंय. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढायचा विचार हाय काय?"

"शेवटचं एक विचारते, काका," शाहीन म्हणाली. "समोर नसलेलं काही कधी दिसतं का? फुलं, जाळी, माणसं? या आजारात बऱ्याच जणांना दिसतं."

विरूपाक्षांनी कांचनच्या बाजूला मान वळवली. तिचा चेहरा त्यांच्यासाठी धुक्यातला एक उजळ डाग होता. पण तो डाग स्थिर झाला होता, ऐकत होता.

"छे," ते म्हणाले. "तसलं काही नाही."

शाहीननं यंत्रावर 'भरण' नावाची एक पट्टी शेवटपर्यंत सरकवली.

खरं म्हणजे त्यांना दिसत होतं. नजर गेल्यावर थोड्याच दिवसांनी, दिवेलागणीच्या वेळी, मधल्या त्या राखाडी ठिपक्यात एक जाळी उगवली होती. जाळीच्या घरांत कळ्या होत्या. त्या कमळाच्या नव्हत्या, कोयरी नव्हती, त्यांना ठाऊक असलेलं कुठलंच फूल नव्हतं. आणि ती नक्षी वाहत होती. मागावरचं कापड तुरीवर, पुढच्या रुळावर, गुंडाळलं जातं तशी सावकाश वर सरकत होती, ओळीमागून ओळ. कधी जाळीच्या पायऱ्यांवर उंच टोप्या घातलेली बोटभर माणसं बसलेली असत. ती बोलत नसत, यांच्याकडे बघतही नसत. आपल्यातच, कशाची तरी वाट बघत असल्यासारखी बसत. डोळे मिटले की सगळं नाहीसं होई, उघडले की परत.

पहिल्यांदा ते घाबरले. मग त्यांना सवय झाली. आणि मग ते संध्याकाळची वाट बघू लागले.

याला कारण होतं. चाळीस वर्षं व्यापारी त्यांच्यापुढं एखादी साडी टाकून म्हणत, "असाच काठ पाहिजे म्हेत्रे, जरा वेगळा." ते जरा वेगळा करून देत. त्यांनी काढलेला एकही काठ असा नव्हता, ज्याच्याआधी तसाच दुसरा कुणाचा तरी काठ नव्हता. आणि आता, हातात पेन्सिल धरायची सोय उरली नाही तेव्हा, एक आजवर कुणी न विणलेला काठ त्यांच्याच डोळ्यांत विणला जात होता.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी त्यांनी कादंबरी उघडली. गालावर पिवळं पडलं. "पद्मानं हात खाली घेतला," त्यांनी वाचलं. "दार वाजवण्याआधी तिला पाणी प्यायचं होतं."

"बाई गं!" कांचन कळवळली. "दोन वर्षांनी परत पाणी प्यायला गेली!"

दोघंही पोट धरून हसले. त्या संध्याकाळी एवढंच वाचून झालं, कारण वाचन अजून मुलाच्या चालीनं चालत होतं. पण घरात आवाज परत आला होता. कांचन कांड्या भरत नव्हती. गावातल्या मागांना आता माणूस लागत नसे, शेडमध्ये दिवेसुद्धा नसत, काळोखात खडखडाट तेवढा चालू असे. तरी सवयीनं तिची बोटं मांडीवर गोल फिरत राहिली.

चौथ्या-पाचव्या दिवशी विरूपाक्षांना दिवेलागणीला जाळी फिकी वाटली. आणखी काही दिवसांनी टोपीवाली माणसं आली नाहीत. मग एका संध्याकाळी ठिपका नुसताच राखाडी राहिला.

ते एकटेच दवाखान्यात गेले. बिनड्रायव्हरची बस प्रत्येक थांब्याचं नाव मोठ्यानं घेत होती, म्हणून चुकायची भीती नव्हती. शाहीनसमोर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. सांगताना कान तापले.

"यात लाजायचं काय, काका?" ती म्हणाली. "वैद्यकात याला नाव आहे, आणि ते वेडाचं नाव नाही. मेंदूच्या मागच्या भागात डोळ्याकडून आलेलं बघणाऱ्या पेशी असतात. त्यांना सूत मिळेनासं झालं की त्या गप्प बसत नाहीत. आपल्याच मनानं विणायला लागतात."

"म्हणजे माग रिकामाच चालतो."

"रिकामा नाही. स्वतःचं सूत घेऊन चालतो. आता भरण म्हणजे काय, तर तुमच्या ठिपक्याच्या कडेकडेनं चष्मा अगदी मंद, लुकलुकता उजेड सोडतो. तुम्हाला तो जाणवत नाही, पण त्या पेशींना काम मिळतं. त्यांचं खासगी विणकाम थांबतं, आणि अक्षरं स्थिर राहतात. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी ते पूर्ण ठेवलं. त्यानं वाचन लवकर येतं."

"कमी केलंस तर?"

"नक्षी परत येईल आणि अक्षरांवर चढेल."

"दोन्ही मिळून नाही जमणार?"

खोटा दिलासा देणं शाहीनला येत नव्हतं. "काही आठवड्यांत मेंदू एका बाजूला कलतो. दिवाळीनंतर तुम्ही याल तेव्हा तो कल आपण पक्का करतो. भरण ठेवलं तर ही नक्षी बहुतेक परत दिसणार नाही. बंद ठेवलं तर पुढं कधी असं वाचता येईल, याची खात्री मी देणार नाही. काकूंना विचारा ना."

विरूपाक्षांनी कांचनला विचारलं नाही.

त्यांनी त्याच संध्याकाळी दांडीवर बोट फिरवून भरण बंद केलं आणि अक्षरंही विझवली. मग पुस्तक हातात धरून बसले. थोड्या वेळानं राखाडीतून जाळी वर आली, भिजलेल्या कापडावर रंग उमटावा तशी.

"वाचा की," कांचन म्हणाली. "पाणी पिऊन झालं असेल तिचं."

"पद्मानं दार वाजवलं," विरूपाक्ष म्हणाले. "दार उघडंच होतं. आत... आत अंगण होतं. अंगणभर जाळी पसरली होती. आधी तिला वाटलं, ऊन आहे. मग कळलं, फरशीच तशी आहे."

"मिठागरवाल्याच्या घरात?"

"तेच तिलाही नवल वाटलं." त्यांची जीभ सैल होत गेली. "पायऱ्यांवर उंच टोप्या घातलेली बोटभर माणसं बसली होती. तिनं विचारलं, माझा भाऊ कुठं आहे? त्यांच्यातला एक सरकला आणि त्यानं तिला बसायला जागा दिली."

कांचनच्या मांडीवरची बोटं फिरत राहिली.

असं बऱ्याच संध्याकाळी चाललं. नक्षी वर सरकत राही आणि विरूपाक्ष तिच्यातून गोष्ट ओढत राहत. मधूनमधून अंदाजानं पान उलटत. पद्मा त्या घराच्या खोल्यांतून हिंडत होती. एका खोलीत मीठ कळ्यांच्या आकारात वाळत होतं. एका खोलीत खिडकीबाहेर समुद्राऐवजी उभ्या धाग्यांचा न विणलेला ताणा पसरला होता, पांढरा, आभाळापर्यंत. विरूपाक्षांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. आणि पुस्तक मिटलं की लगेच चोरी केल्यासारखंही वाटे. बायकोची गोष्ट त्यांनी पळवली होती. खरी पद्मा अजून पाणीच पीत होती.

एकदा त्यांच्या तोंडी पद्माच्या लुगड्याचा काठ आला. जाळी, जाळीत कळी, कळीच्या टोकाला उलटी वळलेली पाकळी. ते काठातच रमले. बरंच वर्णन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कांचनच्या बोटांची सळसळ थांबली आहे.

"अहो," कांचन म्हणाली. "तुमच्या गालावर पिवळं पडलेलं नाही."

विरूपाक्षांचा हात आपोआप गालाकडे गेला.

"पुसताय काय? नाहीच तिथं काही. कधीपासून नाही."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"टोप्या आल्या तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघूया कुठपर्यंत थापा मारतात ते." तिच्या आवाजात हसू होतं, पण पुरतं नव्हतं. "आधी राग आला. मला वाटलं, चष्मा लागू पडेना झालाय आणि मला वाईट वाटू नये म्हणून नाटक करालाय. मग रडू आलं. मग मात्र ऐकतच राहिले. आता खरं काय ते सांगा."

त्यांनी सांगितलं. टोपीवाली माणसं, शाहीन, दिवाळीनंतरचा कल, आणि शेवटी सर्वांत जड गोष्ट. "एवढ्या वर्षांत माझा स्वतःचा म्हणावा असा हा एकच काठ आहे, कांचन. आणि तो कागदावर उतरत नाही. कागद बघायला गेलो की काठ जातो. काठ बघत बसलो की कागद दिसत नाही."

"आणि मला पुस्तक पाहिजे म्हणून तो तुम्ही सोडणार."

"तसं काही ठरवलं नाही."

"ठरवलंय. म्हणून तर चोरून बघालाय." ती उठली. पलंगाखालून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. "कागद कशाला पाहिजे तुम्हाला? लग्नाआधी मी काय तुमचा कागद बघत होते?"

विरूपाक्षांनी तो आवाज ओळखला. शेडमधले जुने माग विकले गेले, पण हा लोखंडी साचा कुणी घेतला नव्हता. जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना हातानं भोकं पाडायचा साचा. काठाची एकेक ओळ म्हणजे एकेक पुठ्ठा. जिथं भोक, तिथं मागावरचा धागा वर उचलला जाणार. त्या काळी ते आलेखावरून ओळ मोठ्यानं म्हणत आणि समोर बसलेली पोरगी न बघता भोकं ठोके. धागा उचलायचा तर 'धर', नाही तर 'सोड'. शेडमधल्या बाकीच्या पोरी एक ओळ दोनदा विचारत. कांचन कधीच विचारत नसे. म्हणून आधी तिचा आवाज त्यांच्या लक्षात आला नाही, तिची शांतताच आली.

"चष्मा काढा," ती म्हणाली. "सांगा."

त्यांनी चष्मा काढला. उंबऱ्यावर संध्याकाळ होती. जाळी वर सरकत होती.

"दोन धर. एक सोड. तीन धर..."

टक. टक टक.

"सूत कुठलं घेऊ म्हणताय?" मध्येच तिनं विचारलं.

विरूपाक्ष अडखळले. साडीच्या दुकानातल्या कुठल्याही रंगाचं नाव ते डोळे झाकून सांगत. "ह्याला नाव नाही," ते म्हणाले. "पारव्याच्या मानेवर ऊन पडतं, आणि पारवा उडून जातो, आणि ऊन तिथंच राहतं. तसा."

"बरं," कांचन म्हणाली, जणू तसलं सूत कपाटात होतंच. "पुढं."

मग रोज तेच. गल्लीत आकाशकंदील लागले, फराळाचे वास आले. कांचननं या वर्षी चकल्या विकतच्या आणल्या. उंच टोप्यांची माणसं रोज येऊन पायऱ्यांवर बसत आणि टकटक ऐकत असल्यासारखी दिसत. पुठ्ठ्यांची चळत वाढत चालली, कोऱ्या पुठ्ठ्यांची उतरत चालली. आणि विरूपाक्षांच्या मनात एक काळजी शिरली.

काठाला जोड लागते. नक्षी कुठंतरी फिरून पहिल्या ओळीशी आली पाहिजे, म्हणजे पुठ्ठ्यांची माळ गोल बांधता येते आणि काठ साडीभर चालत राहतो. ते त्या ओळीची वाट बघत होते. ती येतच नव्हती. ही नक्षी एकदा वर गेलेली ओळ परत दाखवत नव्हती. तिला शेवट नव्हता, कारण तिला साडी व्हायचंच नव्हतं.

दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी कांचन म्हणाली, "शेवटचा पुठ्ठा राहिलाय."

विरूपाक्ष समोरच्या वाहत्या जाळीकडे बघत राहिले. एक ओळ गेली. दुसरी गेली. दोन्ही सुंदर होत्या आणि दोन्हींनी जोड बसणार नव्हती. चाळीस वर्षं ते समोरचं बघून उतरवत आले होते. त्यांच्या मनात आलं, आजही मी तेच करतोय. फक्त व्यापाऱ्याच्या जागी माझाच डोळा बसलाय.

त्यांनी डोळे मिटले. नक्षी गेली, माणसं गेली. अंधारात त्यांनी पहिली ओळ आठवली, शेवटची आठवली, आणि दोघींच्या मधल्या फटीत काय बसेल ते शोधू लागले. बराच वेळ गेला. कांचन थांबून राहिली.

"एक धर," ते म्हणाले. "चार सोड. एक धर. पाच सोड..."

टक.

टक.

मग हातोडी थांबली. "डोळे मिटलेत तुम्ही. ही ओळ दिसतेय, का मनानं सांगताय?"

"सांगतोय," विरूपाक्ष म्हणाले.

"हां," ती म्हणाली, आणि उरलेली भोकं पाडली.

सकाळी तिनं पुठ्ठे ओवून खिडकीत टांगले. ऊन आलं आणि भोकाभोकातून फरशीवर उतरलं. विरूपाक्षांना त्यातलं नीट काही दिसलं नाही, नुसते कडेला हलणारे ठिपके. पण कांचन पदर सावरून त्या उजेडाच्या कडेनं चालत गेली, पाय न पडू देता, ओल्या रांगोळीच्या कडेनं जावं तशी.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"पद्माचं अंगण," ती म्हणाली.

दवाखान्यात शाहीननं विचारलं, "ठरलं?"

"लिंबू," विरूपाक्ष म्हणाले. "अंजिरीवर. भरण पूर्ण."

तिनं दोनदा विचारून खात्री केली आणि कल पक्का केला.

काही आठवड्यांनी, एका थंड संध्याकाळी ते खरोखर वाचत होते. गालावर पिवळं होतं. वाचनाला आता चाल आली होती. पद्मा पाणी प्यायली, तिनं पदर नीट केला, दार वाजवलं. दार एका भाडेकरूनं उघडलं. तुमचा भाऊ मागच्या वर्षीच गाव सोडून गेला, तो म्हणाला. कुठं ते ठाऊक नाही. पद्मा स्टेशनवर परत आली. गाडी आली. संपलं.

"एवढंच?" कांचन म्हणाली.

"एवढंच."

"दोन वर्षं दाराशी उभी राहिली ती. आणि घरात पाऊलसुद्धा नाही टाकलं?"

"लिहिणाऱ्यानं असंच लिहिलंय. मी काय करू?"

कांचन उठून त्यांच्याजवळ आली. तिनं त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं, मिटलं आणि कोनाड्यात ठेवलं. मग दोन्ही हातांनी अलगद चष्मा उतरवला. अक्षरं विझली. विरूपाक्षांसमोर तो ठिपका होता, राखाडी, सपाट. जाळी नाही, पायऱ्या नाहीत, वाट बघणारं कुणी नाही. कोरा पुठ्ठा असतो तसा.

ती परत आपल्या जागी जाऊन बसली. तिची बोटं मांडीवर फिरू लागल्याची चाहूल त्यांना लागली.

"ताणा पसरला होता त्या खिडकीपाशी होती ती," कांचन म्हणाली. "पुढचं सांगा."

विरूपाक्षांनी डोळे मिटले. "पद्मानं खिडकी उघडली," ते म्हणाले.